सुपातल्या एकोणीस स्लाइड

सुलू जगदाळे घाबरलेली नाही असा एकही दिवस तिच्या नवऱ्याला आठवत नसे. खंडेराव तारापूरच्या वीजकेंद्रात फिटर. "अणुभट्टीशेजारी काम मी करतो आणि झोप हिची उडते," असं तो सालवडच्या चाळीत येईल-जाईल त्याला सांगायचा. चाळ हसायची. सुलूही हसायची, आणि हसता हसता तिच्या मनात येऊन जायचं, गॅस बंद केला का?

लग्न होऊन ती कोरेगावहून इकडे आली १९७८ साली. बी.एस्सी. झालेली मुलगी, दोन खोल्यांत किती दिवस भांडी घासणार? पालघरच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या लॅबमध्ये जागा निघाली आणि ती एस.टी.ने जाऊ-येऊ लागली. आधी रक्त, लघवी, थुंकी. मग १९८५ मध्ये दवाखान्याने तिला सहा महिने मुंबईला धाडलं, बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची स्लाइड वाचायला शिकण्यासाठी. तिथून ती परत आली ती दुप्पट घाबरट होऊन. पण या कामाला तसलंच माणूस लागतं. बिनधास्त माणूस पाच हजार निरोगी पेशी बघून कंटाळतो आणि पाच हजार एकाव्या पेशीवरून नजर पुढे ढकलतो. सुलू ढकलत नसे.

काम तसं सरळ. गर्भपिशवीच्या तोंडावरून लाकडी पट्टीने हलकेच खरवडायचं, ते काचेच्या स्लाइडवर पसरायचं, ओलं असतानाच स्पिरिटात बुडवायचं, मग रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं. बघायचं ते मुख्यतः केंद्रक. निरोगी पेशी म्हणजे मोठ्ठा पातळ पापड, आणि मधोमध मिरीच्या दाण्याएवढं केंद्रक. पेशी बिघडू लागली की पापड आक्रसतो आणि मिरीचा होतो चिंचोका. काळा, वेडावाकडा, कधी एकाच पापडात दोन. त्या केंद्रकातच पेशीचा सगळा कारभार असतो: कधी वाढायचं, कधी दुभंगून दोन व्हायचं, कधी गप्प बसायचं.

हे असं का होतं ते मुंबईच्या मास्तरांनाही तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं. ते सांगितलं डॉ. चुरींनी, १९९१ च्या दिवाळीनंतर. दवाखान्याच्या या स्त्री-डॉक्टर केळव्याच्या, बोलायला तिखट, आणि मुंबईच्या प्रत्येक परिषदेतून झेरॉक्सचा गठ्ठा आणणाऱ्या. त्यांनी चहाच्या वेळेला सुलूपुढे कागद टाकले.

"वाच. एक विषाणू आहे. पेशीत शिरतो आणि दोन प्रथिनं तयार करतो. नावं बघ कशी ठेवलीत, ई-सहा आणि ई-सात. बसचे नंबर जसे."

"करतात काय ती?"

"आपल्या प्रत्येक केंद्रकात राखणदार असतात. एक जण पेशीला अडवून धरतो, हुकूम आल्याशिवाय तिला दुभंगू देत नाही. हे ई-सात जाऊन त्यालाच मिठी मारतं. त्याचे हात अडकले की पेशी सुटली. दुसरा राखणदार तपासनीस. गुणसूत्रं तुटली-फाटली असतील तर तो विभाजन थांबवतो. दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावतो. ई-सहा त्याचा काटाच काढतं."

"म्हणजे अडवणारा नाही आणि तपासणारा नाही."

"आणि पेशी आपली एकाच्या दोन, दोनाच्या चार. प्रत्येक वेळी नवी चूक, जुन्या चुकीवर. तुझे चिंचोके होतात ते असे."

सुलूने ते कागद घरी नेले, शब्दकोश घेऊन तीनदा वाचले, आणि तिची उरलीसुरली शांतताही गेली. आजवर ती आकार बघत होती. आता प्रत्येक मोठ्या केंद्रकात तिला दोन चोर दिसू लागले. बरं, विषाणू शिरलेल्या बहुतेक बायकांचं शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हाकलून देतं, हेही त्याच कागदांत होतं. पण घाबरट माणसाच्या लक्षात उरलेल्या थोड्याच राहतात.

जानेवारीत सातपाटीला शिबिर ठरलं. कोळणींना टेबलावर चढवणं म्हणजे चेष्टा नव्हे. डॉक्टरने सांगून एकही आली नसती. त्या आल्या गोदूबाईच्या शब्दावर. गोदूबाई गावची सुईण, साठीची. निम्मं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं, त्यामुळे तिच्यापुढे लाज धरायला कुणाला तोंड नव्हतं. सुलू आदल्या दिवशी स्पिरिटच्या बरण्या घेऊन गेली आणि गोदूबाईला बजावून आली, "मावशी, स्लाइड जपा हं. खराब होता कामा नये. टिकली पाहिजे." शिबिराच्या दिवशी लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती स्वतः गेली नाही.

एक्केचाळीस बायका झाल्या. तिसऱ्या दिवशी सुलूने स्लाइड रंगवल्या आणि बघायला बसली. बावीसपर्यंत काही विशेष नव्हतं. पापड आणि मिरी. तेविसाव्या स्लाइडवर केंद्रक मोठं. ती दचकली. चोविसाव्यावर मोठं. पंचविसाव्यावर मोठं. सव्विसाव्यापर्यंत तिच्या हाताला घाम सुटला आणि स्लाइड सरकवायची कळ बोटांतून निसटायला लागली. एक्केचाळिसाव्या स्लाइडपर्यंत ती पोचली तेव्हा एकोणीस बायका तिच्या लेखी मरणाच्या दारात उभ्या होत्या.

ती उठली, रंगाच्या बाटल्यांच्या तारखा बघितल्या. ठीक होत्या. तिने बाराव्या नंबरची स्लाइड पुन्हा लावली. चांगली होती. म्हणजे डोळेही ठीक होते. मग तिला रडू यायला लागलं, आणि ती तशीच डॉ. चुरींच्या खोलीत शिरली.

"मॅडम, एकोणीस. एकोणीसच्या एकोणीस."

"एका गावात एका दुपारी? गोवराची साथ आहे का गं ती? सरक, मला बघू दे."

डॉक्टरीणबाईंनी तीन-चार स्लाइड बघितल्या आणि खुर्ची मागे लोटली. "सुलू, केंद्रक मोठं आहे, पण रंग बघ. फिकट, पुसट, सगळं लालसर. भिजलेला साबुदाणा जसा. ही वाळलेली स्लाइड आहे. स्पिरिटात जायच्या आधी वाळली की केंद्रक पसरतं, हे तुला मी शिकवायचं?"

सुलूला ते माहीत होतं. भीतीपुढे माहिती मागे पडते, एवढंच. तिने सुस्कारा सोडला, पण अर्धाच.

"मॅडम, एकतीस नंबर बघा."

डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. इतर अठरांत केंद्रकं मोठी आणि फिकट होती. एकतिसाव्यात काही मोठी आणि काळी होती. एका पेशीत केंद्रकाभोवती मोकळं पांढरं कडं होतं, जणू कुणी आतून कोरून काढलेलं. विषाणूची खूण असते ती. पण वाळलेल्या स्लाइडवर कशाची शपथ घ्यायची?

"असेल किंवा नसेल," त्या म्हणाल्या. "यावर मी कुणाला मुंबईला पाठवणार नाही, आणि घरीही बसू देणार नाही. पुन्हा घ्यावी लागेल. सगळ्या एकोणीस. पण तेविसाव्यापासून झालं काय? जेवणानंतर एक पोर चक्कर येऊन पडली, नर्स तिला जीपने घेऊन गेली. मी पडद्याआड टेबलापाशी. स्लाइड बुडवायला कोण होतं?"

गोदूबाई होती.

दुसऱ्या दिवशी सुलू सातपाटीला गेली तेव्हा गोदूबाई अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील अडकवत होती. ओले, लुळे बोंबील, जबड्यात जबडा घालून जोडीजोडीने. सुलूने विचारलं तशी ती अभिमानाने सांगू लागली.

"ओल्याच देत होती ना डॉक्टरीण! मी सुपात मांडल्या, ओट्यावर ऊन दावलं. एक माशी बसू दिली नाय बग. चांगल्या कडक सुकल्यावर मग तुज्या बरनीत टाकल्या."

"अगं मावशी, वाळवायच्या नव्हत्या!"

"वल्या ठेवल्या तं कुजतील ना? तूच सांगून गेलीस, टिकायला पायजे." गोदूबाईने हातातला बोंबील तिच्यापुढे धरला. "ह्यो बग. आज वला ठेव, उद्या नाक धरशील. सुकव, पावसाळाभर खा."

जिथे सगळं गाव वाळवण्यावर जगतं, तिथे ती 'टिकलं पाहिजे' एवढंच सांगून गेली होती. ओलं ठेवा, असं स्पष्ट म्हणाली नव्हती. तिने एकोणीस बायकांना पुन्हा बोलवावं लागेल हे सांगितलं. गोदूबाईचा चेहरा उतरला.

"परत बोलवलंस तं त्या काय समजतील, ठाव हाय? एकोनीस जनींना कॅन्सर झाला. सांजंपर्यंत रडारड. आनि परत येनार कोन?"

"मी सांगते, माझा रंग बिघडला. चूक माझीच आहे अर्धी."

"खोटं सांगशील? तुला नीट खोटं बोलता तरी येतं का? त्वांड बग आरशात." गोदूबाईने हात पदराला पुसले. "नि तुजं काय गो, तू बसमदी बसून जाशील. मना हितंच मरायचंय. कोन तरी उद्या बोललं ना, गोदूनं चूक करून लपवली, तं मंग बाळंतपनाला पन कोन बोलवनार नाय. मीच सांगतां."

आणि सांगितलं तिने. मच्छीमार सोसायटीच्या आवारात, बर्फाच्या गाडीशेजारी उभं राहून, तीसेक बायकांसमोर. "दुपारच्या एकोनीस जनींचं मी वाळवून टाकलं. डॉक्टरनीची चूक नाय, कोनाला रोग निघाला नाय, माजी अक्कल गेलती." सुलू मागे उभी होती. 'रोग निघाला नाय' हे ऐकताना तिला एकतीस नंबर आठवला, आणि तो तिथे तिलाच माहीत होता.

मग साखरबाई नावाच्या म्हातारीने तोंड उघडलं. "गोदू, आमाला बोंबील समजलीस काय गो?"

"खारवलं नाय हेच नशीब!" दुसरी ओरडली.

आवार हसून लोटपोट झालं. गोदूबाईने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. महिनाभर तिला गावात 'ऊन दाखव' म्हणून चिडवत होते. पण पुढच्या मंगळवारी बायका आल्या. या वेळी सुलू स्वतः बरणी घेऊन टेबलाच्या टोकाशी उभी राहिली. काचेवर पसरलं की बुडव, पसरलं की बुडव. अठरा झाल्या. जमुना आली नाही.

एकतीस नंबर म्हणजे जमुना. अडतिशीची, नवरा भिका बोटीवर खलाशी, ती स्वतः पालघरच्या बाजारात मासळी विकायला बसणारी. सुलू दारापाशी जाऊन रस्त्याकडे बघून यायची, पुन्हा जायची. गोदूबाई तिला न्याहाळत होती.

"अठरा आल्या तं तुला पुरत नाय," ती हळूच म्हणाली. "जमुनाच पायजे का?"

कुणाचं नाव सांगायचं नाही हा नियम होता. पण गोदूबाईने चाळीस वर्षं बायकांचे चेहरे वाचले होते.

"समजलां. बाजारात जाऊं."

दोघी बाजारात पोचल्या तेव्हा जमुना पापलेट कापत होती. मान वर न करता म्हणाली, "मावशी, मना नाय यायचं. एकदा दिलं, वाळवलंस. माजं काय दुकतं का खुपतं?"

"दुखत नाही म्हणूनच ये," सुलू म्हणाली. "दुखायला लागल्यावर फार उशीर झालेला असतो."

सुरी थांबली. जमुनाने आता वर बघितलं, आधी सुलूकडे, मग गोदूबाईकडे. "बाकीच्या सतरा-अठरांकडं बी अशा दोघी दोघी गेल्या का?"

सुलूला वाटलं, आता खोटं बोलले तर ही येईल, आणि खरं बोलले तर कदाचित कधीच नाही. "नाही," ती म्हणाली. "फक्त तुझ्याकडे."

जमुनाने सुरी खाली ठेवली. "काय दिसलं?"

"नक्की दिसलं नाही. शंका आहे. नक्की दिसावं म्हणून तर पुन्हा हवं." मग सुलूने, जिला चारचौघांत आपली एस.टी. चुकली हेही सांगता येत नसे, बाजाराच्या गलक्यात, माशा वारत, सांगायला सुरुवात केली. "हे बघ. बोट बंदरात दोराला बांधलेली असते. तांडेल सांगेपर्यंत कुणी दोर सोडत नाही. आणि निघायच्या आधी कुणीतरी तळ तपासतो, भोक असलं तर बोट वर ओढतात. तसंच अंगातल्या प्रत्येक पेशीत, अगदी मधोमध, एक दोर धरणारा असतो आणि एक तळ तपासणारा. एक विषाणू आहे. त्याची दोन माणसं आत शिरतात. एक दोर धरणाऱ्याचे हात पकडतो. दुसरा तपासणाऱ्याला बुडवतो. मग फुटक्या बोटी सुटत राहतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार."

"फुटकी बोट बुडते," जमुना म्हणाली.

"इथे बुडत नाही, हीच तर पंचाईत. बुडवणारा तोच तपासनीस होता."

एक गिऱ्हाईक भाव विचारून निघून गेलं. मग जमुनाने आवाज उतरवून विचारलं, "हा विषाणू घोवाकडून येतो ना? डॉक्टरनीच्या त्या शिबिरातल्या पोस्टरवर व्हतं. वाचता येतं मना."

या प्रश्नाची सुलूला सगळ्यात जास्त धास्ती होती. "येतो तसाच," ती म्हणाली. "पण कधी आला ते कुणीच सांगू शकत नाही. पंधरा-वीस वर्षं मुकाट बसून राहतो. त्याला स्वतःलाही माहीत नसेल. माझी काच पेशी दाखवते, माणसाचा गुन्हा दाखवत नाही."

"मी त्याला इचारनारच."

"विचार. पण आधी ये."

गोदूबाईला एवढा वेळ गप्प बसवत नव्हतं. "चल गो, मासळी मी इकतां. मना पापलेट वाळवायला नाय सांगितलं तं झालं."

जमुनाला हसू आलं नाही. पण तिने हात धुतले, पदर झटकला आणि सुलूबरोबर दवाखान्यात चालत आली. सुलूने ती स्लाइड अशा घाईने स्पिरिटात बुडवली की अर्धं स्पिरिट टेबलावर सांडलं.

अठरा जणींपैकी सतरा चांगल्या निघाल्या, एकीला साधा संसर्ग होता, गोळ्यांनी गेला. जमुनाची स्लाइड सुलूने शेवटी घेतली. या वेळी शंकेला जागा नव्हती. काळी, गाठाळलेली केंद्रकं, आक्रसलेला पापड, एका पेशीत विभाजन अर्ध्यात अडकलेलं, गुणसूत्रं दोन बाजूंना जायच्या ऐवजी तीन बाजूंना ओढलेली. पुस्तकात चित्र बघितलं होतं, आज जिवंत माणसाचं बघत होती. तिने लेन्सवरून डोळा काढला आणि डॉ. चुरींना हाक मारली.

जमुनाला मुंबईला पाठवलं. तिथे तिच्या गर्भपिशवीच्या तोंडाचा शंकूसारखा तुकडा कापून काढला. आता प्रश्न दोनच. बिघडलेल्या पेशींनी आपल्या थराखालचा पडदा फोडला होता का? आणि कापलेल्या तुकड्याची कड स्वच्छ होती का? पडदा फुटला असेल तर तो कॅन्सर, मग पुढचं सगळं वेगळं. अहवाल यायला तीन आठवडे लागतील असं सांगण्यात आलं.

ते तीन आठवडे खंडेरावने निमूट काढले. भाजीत दोनदा मीठ पडलं, एकदा पडलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "सुलू, तू ते वेळेवर पकडलंस ना? मग?"

"वेळेवर होतं का, तेच तर माहीत नाही. अहो, आठ दिवस माझ्या चुकीत गेले. मी मावशींना ओलं ठेवा म्हटलं असतं तर—"

"आठ दिवसांत काय होतंय? पंधरा वर्षं लागतात असं तूच म्हणतेस."

"त्या पंधरा वर्षांतले शेवटचे आठ दिवस कुठले, हे तुम्ही सांगा मला."

खंडेराव वीजकेंद्रातला माणूस. तिथे सुया असतात, सुई तांबड्या खुणेकडे सरकली की कळतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाकीट आलं. डॉ. चुरी रजेवर होत्या. सुलूने ते फोडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा प्रत्येक इंग्रजी शब्दावर बोट ठेवून वाचलं, कारण 'नाही' हा शब्द नजरेतून सुटला तर वाक्य उलटं होतं हे तिला ठाऊक होतं. पाकीट पदराखाली धरून ती थेट बाजारात गेली.

जमुनापुढे तीन गिऱ्हाइकं उभी होती. तिने सुलूला लांबूनच बघितलं. पण हातातली सुरमई अर्धी कापलेली होती, ती तिने पुरी कापली, पानात बांधली, पुढे केली.

"बोल," ती म्हणाली.

"पडदा फुटला नव्हता. कड स्वच्छ आहे. सगळं निघालं."

जमुना आहे तिथेच ओल्या फरशीवर बसली. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली. "निघालं मंजी संपलं?"

सुलूला 'हो' म्हणायची फार इच्छा झाली. "तुकडा निघाला," ती म्हणाली. "विषाणू आजूबाजूला उरला असेल किंवा नसेल. दर सहा महिन्यांनी यायचं, मी बघणार. काही वर्षं."

"मंजी तू हाय तवर भ्यायचं."

"मी भिते. तू नुसती ये."

जमुनाने फरशीवरचा हात पदराला पुसला आणि बोटं मोडून महिने मोजले. "सा महिने मंजी गनपतीच्या सुमारास. तवा बोटी सुटलेल्या असतात, मना बाजार सोडता यायचा नाय. नारळी पुनवेच्या आदी आली तं चालंल?"

"आधीच ये," सुलू म्हणाली, आणि पाकिटाच्या पाठीवर तारीख लिहून घेतली.